पानं तीन, दौरे आठ

प्रश्न : ताई, मी चिंचवडला राहतो. मशिन बसवून द्यायला वर्षातून सात-आठदा परदेशी जातो. पासपोर्ट २०३० पर्यंत चालतो, पण ३६ पानांतली तीनच कोरी उरलीत. अमेरिकेचा दहा वर्षांचा व्हिसाही त्यातच आहे. दिवाळीआधी जकार्ता आहे, ई-व्हिसा आलाय. दिवाळीनंतर जर्मनी, त्याचा व्हिसा अजून टाकायचाय. मुदत संपेपर्यंत थांबू की आत्ताच नवा काढू?

उत्तर : थांबू नका. जर्मनीला शेंगेन, म्हणजे युरोपातल्या बऱ्याच देशांचा मिळून एकच व्हिसा लागतो; त्याच्या अर्जालाच दोन कोरी पानं लागतात, आणि इमिग्रेशनचा माणूस शिक्का कोपऱ्यात मारेल की नव्या पानावर मधोमध, ही त्याची मर्जी.

मी भोसरीच्या एका कारखान्यात बावीस वर्षं ट्रॅव्हल डेस्क सांभाळलं. दर एक तारखेला सगळ्यांचे पासपोर्ट मागवून पानं मोजायचे, तारखा बघायचे. पोरं हसायची. पण ही सवय फजितीतून लागली. आमचा एक इंजिनिअर असाच जकार्ताला निघाला होता, पासपोर्टला पाच महिने बाकी. इंडोनेशियाला पोचल्या दिवसापासून सहा महिन्यांची मुदत लागते. तिकीट मीच काढलेलं, ‘मुदत आहे की’ म्हणून! रात्री दोनला मुंबईच्या काउंटरवरून त्याचा फोन आला, तेव्हा काय बोलावं ते सुचेना.

तुमचं मात्र जमण्यासारखं आहे, क्रम तेवढा चुकवू नका. ई-व्हिसा जुन्या पासपोर्टच्या नंबरवर आहे, म्हणून जकार्ता जुन्याच पासपोर्टवर उरकून या. आल्या आल्या मुंढव्याच्या पासपोर्ट सेवा केंद्राची अपॉइंटमेंट घ्या. नवा हातात पडला की मगच जर्मनीचा अर्ज. त्या व्हिसाला साधारण पंधरा दिवस लागतात, कधी पंचेचाळीसही, आणि तेवढे दिवस पासपोर्ट त्यांच्याकडे. मध्येच साहेबांनी ‘जरा दुबईला जाऊन ये’ म्हटलं तर हात वर करावे लागतात. इंग्लंडमध्ये सतत फिरणाऱ्याला दुसरा पासपोर्ट मिळू शकतो. आपल्याकडे एकाच वेळी दोन चालू पासपोर्ट बाळगणं गुन्हा आहे.

अर्जात ‘री-इश्यू’, म्हणजे जुन्याच्या बदल्यात नवा, हे घ्या आणि कारण ‘पानं संपली’ हे निवडा. पुस्तिका साठ पानांचीच मागा. ३६ पानांचे १५०० रुपये, साठचे २०००. पाचशे रुपये वाचवून दर चार वर्षांनी मुंढव्याच्या ट्रॅफिकमध्ये बसायची हौस असेल तर गोष्ट वेगळी. घाई असेल तर तत्काळचे २००० वर. पत्ता बदलला असेल तर पोलिस पडताळणीचे दिवस धरून ठेवा.

अमेरिकेच्या व्हिसाची काळजी सोडा. जुना पासपोर्ट रद्दचा शिक्का मारून परत देतात, पण त्यातला व्हिसा चालू राहतो. दोन्ही पासपोर्ट बरोबर न्यायचे. फक्त केंद्रात खिडकीवर तो व्हिसा आधीच दाखवा, म्हणजे त्या पानावर शिक्का पडणार नाही. आणि स्टिकर काढून नव्यात चिकटवायचा शहाणपणा नको. आमच्याकडे एकानं केला होता, व्हिसा गेला.

नंबर बदलेल. पुढची तिकिटं निघाली असतील तर त्यांवर नवा नंबर आधीच घालून घ्या, आणि जुन्याची झेरॉक्स घरी वहिनींकडे ठेवा.