तांबी बसवताना फार दुखतं का?

प्रश्न : माझं बाळ आठ महिन्यांचं आहे, अंगावर पितं. तांबी बसवायची आहे. पण जाऊबाईंना बसवताना चक्कर आली होती. सासूबाई म्हणतात, तांबी छातीपर्यंत चढते. – एक वाचक, कराड

उत्तर : सासूबाईंना सांगा, गर्भाशय वरून बंद असतं; तिथून छातीकडे वाट नाही. क्वचित ती गर्भाशयाला छिद्र पाडून पोटात जाते, म्हणून बसवणारा हात सरावाचा हवा.

दुखण्याचं म्हणाल, तर गर्भाशयाचं तोंड चिमट्याने धरतात आणि सळईने खोली मोजतात, तेव्हा पोटात जोराची कळ येते. काहींना नेहमीच्या पाळीइतकीच, काहींना घाम फुटेपर्यंत. ‘थोडं सहन कर गं’ म्हणणाऱ्या माझ्याच व्यवसायभगिनींचा मला राग येतो. वेदनाशामक गोळी आधी मागून घ्या. दुखलं तर ‘थांबा’ म्हणा. जाऊबाईंसारखी चक्कर येऊ शकते. नंतर थोडं पडून राहा, लगेच स्कूटीवर बसू नका.

अंगावर पाजत असलात तरी चालते. त्या काळात गर्भाशय मऊ असतं, छिद्र पडायची भीती थोडी जास्त, म्हणून पाजत असल्याचं बसवणाऱ्यांना सांगा. ३८० ए प्रकारची तांबी १० वर्षं चालते, सरकारी दवाखान्यात मोफत बसवतात. सुरुवातीचे काही महिने पाळीत रक्त जास्त जाईल. ताप, घाण वासाचा स्राव किंवा तांबीचा दोरा हाताला न लागणं, यांपैकी काही झालं तर लगेच दाखवा. आणि हो, नवऱ्याची सही लागत नाही.