चार वर्षांच्या मुलाचं टॉन्सिलचं ऑपरेशन आहे. भूल दिल्यावर घशात नळी घालतात म्हणे. त्यानं श्वास अडकण्याचा धोका असतो का?

मी सोलापुरात भूलतज्ज्ञ आहे. ऑपरेशन पुढच्या आठवड्यात आहे आणि नळीचं ऐकल्यापासून घरात कुणाला झोप नाही, असं तुम्ही लिहिलंय. म्हणून आधी नळीचंच सांगते.

पूर्ण भूल दिली की जीभ आणि घशाचे स्नायू ढिले पडतात, श्वास मंदावतो, कधी पूर्ण थांबतो. त्यात टॉन्सिलचं ऑपरेशन घशातच. सर्जनचं काम तिथे, रक्त तिथे आणि हवा जायची वाटही तीच. ते रक्त फुफ्फुसात उतरू नये आणि ऑक्सिजन अखंड जात राहावा, म्हणून श्वासनलिकेत नळी ठेवतात. ती घालताना आणि काढताना मूल झोपेत असतं किंवा गुंगीत असतं. त्यातलं त्याला बहुतेक काही आठवत नाही.

नळीचा आतला व्यास किती घ्यायचा, तर मुलाच्या वयाला चारनं भागायचं आणि त्यात साडेतीन मिळवायचे, हा आमचा नेहमीचा हिशोब. तुमच्या मुलासाठी तो ४.५ मिलिमीटर येतो. तरी अर्धा मिलिमीटर लहान आणि अर्धा मोठी अशा दोन नळ्या शेजारी काढून ठेवलेल्या असतात, कारण प्रत्येक लेकराचा गळा हिशोबाप्रमाणे नसतो. ओठापासून साधारण १४ सेंटीमीटरवर ती चिकटपट्टीनं पक्की करतात. लहान मुलांची श्वासनलिका इतकी आखूड असते की नळी थोडी जास्त सरकली तरी एकट्या उजव्या फुफ्फुसात जाते. म्हणून स्टेथोस्कोपनं दोन्ही बाजू ऐकायच्या आणि मॉनिटरवर कार्बन डायऑक्साइडचा आलेख प्रत्येक श्वासाला उमटतोय ना ते पाहायचं. सर्जननं तोंड उघडं ठेवायचं गॅग लावलं की नळी दबण्याची किंवा सरकण्याची शक्यता असते, तेव्हा हे सगळं पुन्हा एकदा. भूलतज्ज्ञ ऑपरेशनभर मुलाच्या जवळच असतात. ‘भूल देऊन डॉक्टर निघून जातात’ हा समज कृपया मनातून काढून टाका.

आता धोक्याचं, कारण तुम्ही ते सरळ विचारलंय. मुलांना वजनाच्या मानानं मोठ्यांच्या जवळपास दुप्पट ऑक्सिजन लागतो आणि फुफ्फुसातला साठा कमी असतो. त्यामुळे श्वास अडला तर सॅचुरेशन, म्हणजे रक्तातलं ऑक्सिजनचं प्रमाण, फार झपाट्यानं खाली येतं. आम्ही सगळ्यात जास्त जपतो ते स्वरयंत्राच्या झटक्याला. भूल अर्धवट असताना स्वरतंतूंवर लाळेचा किंवा रक्ताचा थेंब पडला तर ते गच्च मिटतात. छाती हलते, पण हवा आत जात नाही. अशा वेळी जबडा पुढे उचलून, मास्क घट्ट धरून शुद्ध ऑक्सिजनचा दाब देतात. बऱ्याचदा तेवढ्यानं गळा मोकळा होतो. नाही झाला तर शिरेतून औषध देतात, ते लगेच काम करतं. ही औषधं केस सुरू होण्याआधीच हाताशी ठेवलेली असतात. म्हणजे धोका शून्य नाही, पण तो कुठून येतो हे ठाऊक असतं आणि त्याची तयारी असते.

हा झटका येण्याची शक्यता वाढवणाऱ्या काही गोष्टी मात्र घरातल्या असतात, आणि त्या तुम्ही सांगितल्याशिवाय आम्हाला कळत नाहीत. पहिली सर्दी. गेल्या दोन आठवड्यांत ताप, कफाचा खोकला किंवा छातीत घरघर झाली असेल तर आधी फोन करा. टॉन्सिलच्या मुलांचं नाक बारा महिने वाहतं, तेवढ्यावरून कुणी ऑपरेशन रद्द करत नाही. ताजी सर्दी मात्र वेगळी. तारीख पुढे जाईल म्हणून ती लपवणारे पालक भेटतात, तेव्हा जीव तुटतो. दुसरं, घरात विडी-सिगारेट ओढत असतील तर तेही सांगा. त्या धुरात वाढणाऱ्या मुलांचा गळा जास्त चिडतो.

तिसरं खाणं. जेवण, दूध, बिस्किट आणि दुधाचा चहासुद्धा सहा तास आधी बंद. साधं पाणी मात्र दोन तास आधीपर्यंत चालतं, आणि आपल्याकडच्या एप्रिल-मेच्या उन्हात ते द्यायलाच हवं. रात्रीपासून कोरडं ठेवलेलं मूल सुकून जातं आणि रडून बेजार होतं. तुम्हाला डॉक्टरांनी दिलेली वेळ वेगळी असेल तर तीच पाळा. आजीनं माया म्हणून सकाळी सिद्धेश्वराच्या प्रसादाचा पेढा तोंडात घातला असेल, तर कुणालाही न रागावता आम्हाला सांगा. पोट भरलेलं असताना उलटी होऊन ती फुफ्फुसात गेली तर फार महागात पडतं. केस थोडी पुढे ढकलणं त्यापेक्षा कितीतरी सोपं.

एखादा दात हलत असेल तर तो आदल्या दिवशीच दाखवा. आणि मूल रात्री मोठ्यानं घोरतं का, घोरता घोरता श्वास थांबून दचकतं का, हे न विसरता सांगा. अशा मुलांना वेदनेची काही औषधं कमी मात्रेत द्यावी लागतात आणि ऑपरेशननंतरची रात्र दवाखान्यात मॉनिटरवर काढावी लागते. तसं असेल तर रात्रीची सोय आहे का, ते आत्ताच विचारून घ्या.

शुद्धीवर येताना ते रडेल, आवाज बसलेला असेल, लाळेत थोडं रक्त दिसेल. तेवढं चालतं. पण सारखं काहीतरी गिळत असेल, ताजं लाल रक्त येत असेल किंवा श्वास घेताना शिट्टीसारखा आवाज होत असेल, तर सिस्टरना तिथल्या तिथे हाक मारा.