मूल्यमापनाचा पहिला करार करण्यापूर्वी

प्रिय तरुण सहकाऱ्यास,

अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझे पत्र मिळाले. तिघा-चौघांनी मिळून छोटी सल्लागार संस्था काढायची आणि सामाजिक व सार्वजनिक कार्यक्रमांच्या मूल्यमापनाचेच काम करायचे, असे तुम्ही ठरवले आहे, हे वाचून मनापासून आनंद झाला. तू विचारले आहेस की, ज्यांच्याकडून मानधन घ्यायचे त्यांच्याच कार्यक्रमातील उणिवा दाखवण्याची वेळ आली, तर ते कसे करावे. प्रश्न अगदी योग्य आहे. मात्र तू तो अहवाल लिहिण्याच्या टप्प्यावर उभा केला आहेस आणि माझ्या मते त्याचे उत्तर त्याच्या कितीतरी आधी, करारावर सही होते तेव्हाच द्यावे लागते. शेवटचा हप्ता अडकलेला, सहकाऱ्यांचे पगार तोंडावर आलेले आणि समोरचा अधिकारी ‘तेवढे एक प्रकरण जरा सौम्य करा’ असे सांगत असलेला, अशा स्थितीत भली भली माणसे नमतात. तुमच्या प्रामाणिकपणाला अशा प्रसंगी एकट्याने लढावे लागू नये, एवढी तजवीज आधीच करून ठेवता येते. या पत्रात मी मुख्यतः तिच्याविषयीच लिहिणार आहे.

पहिली गोष्ट म्हणजे, नकोसा निष्कर्ष हा या व्यवसायातला अपवाद नाही, हे मनाशी पक्के कर. पीटर रॉसी या अमेरिकी समाजशास्त्रज्ञाने १९८७ मध्ये मूल्यमापनाचा एक ‘लोखंडी नियम’ मांडला. कोणत्याही मोठ्या सामाजिक कार्यक्रमाचा निव्वळ परिणाम, म्हणजे केवळ त्या कार्यक्रमामुळे पडलेला फरक, मोजायला गेले, तर अपेक्षित उत्तर शून्य असते, असे तो म्हणतो. मोजण्याची पद्धत जितकी काटेकोर, तितकी उत्तर शून्याकडे झुकण्याची शक्यता अधिक, अशी पुस्तीही त्याने जोडली होती. हा नियम शब्दशः घेण्याचे कारण नाही, कारण चांगला परिणाम घडवणारे कार्यक्रमही आहेत. पण ‘फारसा फरक दिसत नाही’ हे वाक्य तुम्हाला पुन्हा पुन्हा लिहावे लागणार, हे धरूनच संस्थेची घडी बसवायला हवी. असे वाक्य लिहिल्यावर जी संस्था चालूच शकत नाही, तिने हे काम हाती घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

आता कराराकडे वळते. सर्वांत आधी हप्त्यांचे कलम वाच. अनेक करारांत शेवटचा हप्ता ‘अहवाल मान्य झाल्यावर’ देय असतो आणि मान्य म्हणजे काय, ते कोठेच लिहिलेले नसते. तेथे ‘करारात ठरलेल्या बाबींसह अहवाल सादर झाल्यावर’ असे शब्द घालून घे, आणि शेवटचा हप्ता एवढा मोठा ठेवू नकोस की त्यावाचून संस्थेचा महिना अडेल. दुसरे कलम मसुद्यावरील अभिप्रायांचे. कार्यक्रम चालवणाऱ्यांना मसुदा दाखवलाच पाहिजे, कारण त्यांना ठाऊक असलेल्या अनेक गोष्टी आपल्या नजरेतून सुटतात. परंतु अभिप्रायासाठी कामाचे दहा किंवा पंधरा दिवस अशी मुदत असावी, प्रत्येक अभिप्राय लेखी यावा आणि त्यावर तुम्ही काय केले याचे कोष्टक अहवालाला जोडलेले असावे. तथ्यातली चूक दाखवली तर ती विनातक्रार दुरुस्त करायची. निष्कर्षाशी मतभेद असेल, तर तो त्यांच्या शब्दांत परिशिष्टात छापायचा आणि निष्कर्ष मात्र आपल्या जागी ठेवायचा. हे एवढे कागदावर असले, की पुढे आवाज चढवण्याची गरजच पडत नाही. तुम्ही केवळ कलमाकडे बोट दाखवता. अहवाल प्रसिद्ध करण्याचा हक्क कोणाकडे आणि गोळा केलेली माहिती काम संपल्यावर कोणाकडे राहणार, हेही त्याच वेळी ठरवून घे.

कराराइतकेच महत्त्वाचे दुसरे काम म्हणजे प्रश्न ठरवणे. ‘कार्यक्रमाचे सर्वंकष मूल्यमापन करावे’ अशा शब्दांतली कार्यकक्षा, म्हणजे काय तपासायचे याची लेखी चौकट, हाती आली, की तिच्यासोबत बहुधा निकषांची यादीही येते. आर्थिक सहकार्य आणि विकास संघटनेने (ओईसीडी, प्रामुख्याने विकसित देशांचा गट) १९९१ मध्ये गरजांशी सुसंगतता, परिणामकारकता, कार्यक्षमता, दूरगामी प्रभाव आणि शाश्वतता असे पाच निकष दिले आणि २०१९ मध्ये इतर प्रयत्नांशी मेळ हा सहावा जोडला. निकष चांगलेच आहेत. पण सहांचीही सहा प्रकरणे लिहायला बसलात, तर एकाही प्रश्नाला नीट भिडता येणार नाही, कारण तुमच्याकडे माणसे चार आहेत आणि महिनेही मोजकेच. मूल्यमापनासाठी कार्यक्रमाच्या खर्चाच्या ५ ते १० टक्के रक्कम ठेवावी असे सर्वसाधारणपणे सांगितले जाते, आणि प्रत्यक्षात पुष्कळदा त्याहून कमी मिळते. म्हणून पहिल्याच बैठकीत विचार, की या अहवालाच्या आधारे कोण, कोणता निर्णय, कधी घेणार आहे. कार्यक्रम आणखी भागांत न्यायचा आहे, की त्यातला एखादा घटक बंद करायचा आहे, की चालू असतानाच त्यात सुधारणा करायची आहे? यांपैकी एकही उत्तर मिळाले नाही आणि ‘निधी देणाऱ्यांची अट आहे’ एवढेच ऐकू आले, तर काम घेण्याआधी दोनदा विचार कर.

प्रश्न ठरले, की माहिती गोळा करण्यापूर्वी अहवालातली कोष्टके रिकामी आखून काढ. मथळे, रांगा, स्तंभ सगळे असावे. आकडे तेवढे नसावेत. ती कोष्टके कार्यक्रमाच्या प्रमुखांपुढे ठेव आणि एकेका चौकटीवर बोट ठेवून विचार: येथे २० टक्के आले तर तुम्ही काय कराल, आणि ६० टक्के आले तर? दोन्हींचे उत्तर सारखेच असेल, तर तो प्रश्न विचारण्यात लोकांचा वेळ दवडू नकोस. उत्तरे वेगळी असतील, तर ती त्यांच्यासमोरच टिपून घे आणि बैठकीच्या इतिवृत्तात घाल. किती बदल झाला म्हणजे तो पुरेसा, ही रेघ आकडे येण्यापूर्वी त्यांनी स्वतःच्या हाताने आखलेली असते. त्यामुळे आकडे आल्यानंतर ‘२० टक्के म्हणजेही तसे चांगलेच’ असे म्हणणे त्यांनाच जड जाते. मला विचारशील, तर संपूर्ण मूल्यमापनात यापेक्षा अधिक मोलाची बैठक दुसरी नसते, आणि छोट्या संस्थेलाही ती सहज परवडते.

लोकांचे समाधान आणि कार्यक्रमाचा परिणाम यांची गल्लत करू नकोस. यासाठी एक जुना अभ्यास नेहमी ध्यानात ठेव. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्यात केंब्रिज आणि सॉमरव्हिल या शहरांत १९३९ साली, मुले गुन्हेगारीकडे वळू नयेत म्हणून डॉ. रिचर्ड कॅबट यांच्या पुढाकाराने एक कार्यक्रम सुरू झाला. सारख्या पार्श्वभूमीच्या मुलांच्या जोड्या लावून, प्रत्येक जोडीतल्या कोणाला मदत द्यायची हे नाणेफेकीने ठरवले गेले. अभ्यासात एकूण ५०६ मुले होती. ज्यांची निवड झाली त्यांच्या घरी समुपदेशक सरासरी पाच वर्षे जात राहिले आणि मुलांना शिकवणी, वैद्यकीय मदत, शिबिरे असे सगळे मिळाले. सुमारे तीस वर्षांनंतर गुन्हेगारीच्या अभ्यासक जोन मॅकॉर्ड यांनी त्या मुलांचा माग काढला आणि १९७८ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. मदत मिळालेल्यांपैकी दोन-तृतीयांश जणांनी आपल्याला तिचा उपयोग झाला असे सांगितले, आणि कित्येकांनी समुपदेशकांची आठवण प्रेमाने काढली. पण नोंदी तपासल्या तेव्हा गुन्हे कमी झालेले दिसले नाहीत. उलट मद्यासक्ती, गंभीर मानसिक आजार आणि अकाली मृत्यू अशा काही बाबतींत त्यांची स्थिती जोडीतल्या मदत न मिळालेल्या मुलांपेक्षा वाईट होती. तुलनेचा गट नसता, तर हा कार्यक्रम आदर्श म्हणून गौरवला गेला असता. लोक खोटे बोलत नव्हते. कार्यक्रम नसता तर आपले आयुष्य कसे गेले असते, हे कोणालाच आतून दिसू शकत नाही, इतकेच.

तेव्हा तुमच्या प्रश्नावलीत ‘प्रशिक्षणाचा तुम्हाला फायदा झाला का?’ असा प्रश्न असेल, तर तो खोडून टाक. त्याला ‘हो’ म्हणणे हा शिष्टाचार असतो. त्याऐवजी प्रशिक्षणात शिकलेली कोणती गोष्ट त्यांनी शेवटची कधी केली, कोठे केली, तेव्हा सोबत कोण होते आणि काय अडचण आली, हे विचार. ज्याने ती केलेली असते तो तपशील सांगू लागतो, आणि ज्याने केलेली नसते तो ‘वेळच मिळाला नाही’ असे मोकळेपणाने सांगतो, कारण या प्रश्नात कोणाला बरे-वाईट म्हणायचे नसते.

नमुन्याच्या आकाराविषयी थोडेच लिहिते, कारण ते तुम्हाला येते. फक्त एक सापळा दाखवते. ४०० मुलाखती म्हणजे पुरेसा नमुना, असे सरसकट म्हटले जाते. पण त्या २० वस्त्यांतून प्रत्येकी २० अशा घेतल्या असतील, तर एका वस्तीतली माणसे एकमेकांसारखी असल्यामुळे त्या ४०० इतक्या वजनाच्या उरत नाहीत. हे साम्य (शून्य म्हणजे मुळीच नाही आणि एक म्हणजे पूर्ण, अशा मापावर) ०.०५ इतके क्षीण असले, तरी नमुन्याचे खरे वजन सुमारे २०५ मुलाखतींइतकेच भरते. तेव्हा एकाच वस्तीत मुलाखती वाढवण्यापेक्षा वस्त्या वाढव. प्रवासखर्च वाढेल, आणि तो दरपत्रकातच दिसला पाहिजे.

मुलाखती घेणाऱ्यांना दिवसाच्या हिशेबाने मानधन दे, भरलेल्या प्रश्नावल्यांच्या हिशेबाने देऊ नकोस. प्रश्नावलीमागे पैसे दिले, की प्रश्नावल्या घरबसल्या भरल्या जाण्याची वाट आपणच मोकळी करतो. दर दहांपैकी एका कुटुंबाकडे पर्यवेक्षकाने पुन्हा जाऊन दोन-चार प्रश्न पडताळावेत. आणि कार्यक्रमाच्या मूळ नोंदी स्वतः चाळ, कारण संगणकावरचा गोषवारा पुरेसा नसतो. हजेरीपटाची वही हातात घेतली, की पुष्कळ काही दिसते. पूर्ण महिन्याच्या सह्या एकाच शाईत, एकाच वळणात आणि एकाच दाबाने उमटलेल्या असतात. वर्षभरात एकही जण कधीच गैरहजर नसतो. मधली पाने कोरी करकरीत आणि शेवटची तेवढी हाताळलेली असतात. अशी वही दिसली, की लगेच फसवणुकीचा आरोप करू नये. आधी हे पाहावे, की हजेरीच्या आकड्यावर कोणाचा निधी किंवा कोणाची नोकरी अवलंबून आहे. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ डोनाल्ड कॅम्पबेल यांनी १९७० च्या दशकात दाखवून दिले, की एखाद्या आकड्यावर जितके अधिक निर्णय टांगावेत, तितका तो आकडा बिघडवण्याचा दबाव वाढतो आणि ज्या गोष्टीवर लक्ष ठेवायचे तीच विकृत होते. वही भरणारी कार्यकर्ती या दबावाच्या अगदी खालच्या टोकाला असते. अहवालात तिला आरोपी करू नकोस. हा दबाव निर्माण करणाऱ्या नियमाचे वर्णन कर.

परिणाम दिसला नाही, तर त्याची कारणे दोन अगदी वेगळ्या जातींची असू शकतात, आणि ती वेगळी करून दाखवणे हे मला छोट्या संस्थेचे सर्वांत मोठे कौशल्य वाटते. एक तर कार्यक्रमामागची कल्पनाच चुकीची असते. नाही तर कल्पना ठीक असते, पण कार्यक्रम कागदावर होता तसा घडलेलाच नसतो: बारा सत्रांपैकी पाचच झालेली असतात, प्रशिक्षक अर्ध्यात बदललेले असतात, साहित्य हंगाम संपल्यावर पोचलेले असते. पहिल्या स्थितीत कार्यक्रम थांबवणे शहाणपणाचे, तर दुसऱ्या स्थितीत तो थांबवणे हा अन्याय आहे. शेवटच्या सर्वेक्षणाचे आकडे या दोहोंतला फरक सांगू शकत नाहीत. तो कळण्यासाठी मध्यंतरी जाऊन प्रत्यक्ष सत्रात मागे बसावे लागते, किती सत्रे झाली, किती वेळ चालली, कोणी काय केले ते टिपावे लागते. खर्चात कपात सुचवली गेली, की पहिली कुऱ्हाड याच भेटींवर पडते. तेथे अडून बस, वाटल्यास सर्वेक्षणातले प्रश्न कमी कर.

एकाच निधीदात्याकडून निम्म्याहून अधिक उत्पन्न येऊ लागले, तर त्याला तुम्ही काय सांगू शकता याची मर्यादा न बोलताही ठरून जाते. म्हणून सुरुवातीच्या वर्षांत मोठ्या एका कामापेक्षा मध्यम तीन कामे बरी, त्यात दगदग अधिक असली तरी. सहा महिन्यांच्या पगाराएवढी गंगाजळी साठेपर्यंत नवीन जागा, नवीन माणसे असला विस्तार टाळावा. आणि तुमच्याशी ज्याचा व्यवहार नाही अशा एका जाणत्या व्यक्तीकडून प्रत्येक मसुदा वाचून घ्यावा. तिचे मानधन दरपत्रकात धरावे.

शेवटी, ज्यांनी मुलाखती दिल्या त्यांच्याविषयी. लहान वस्तीत नाव गाळले म्हणून ओळख लपत नाही. ‘तीन मुलांची विधवा आई, शिवणकाम करणारी’ एवढ्या वर्णनाने सारी वस्ती तिला ओळखते, आणि मग तिने तक्रार केलेल्या अधिकाऱ्यालाही ती ओळखू येते. अवतरणे देताना वय, व्यवसाय, कुटुंब यांतले काय काय वगळायचे, हे मसुदा बाहेर जाण्यापूर्वी ठरवा. निष्कर्ष त्या लोकांपर्यंत परत नेणे हेही आपलेच काम आहे. त्यासाठी प्रत्येक ठिकाणी एक बैठक, त्यांच्या भाषेत दोन पानांचा गोषवारा आणि प्रश्नांना उत्तरे देण्यासाठी अर्धा दिवस एवढे पुरते. बहुतेक दरपत्रकांत या भेटीसाठी एक ओळही नसते आणि काम संपल्यावर तिच्यासाठी पैसे मिळत नाहीत. तुमच्या पहिल्या दरपत्रकात ती ओळ आताच घाल, आणि सही करण्यापूर्वी कराराचा मसुदा मला वाचायला पाठव.

तुझी हितचिंतक,
एक ज्येष्ठ सहकारी