नागपूरहून जर्मनीत गवंडी होण्यासाठी: प्रशिक्षण, परीक्षा आणि पूर्वतयारी

नमस्कार.

बारावीनंतर वडिलांच्या हाताखाली नागपुरात मिस्त्रीकाम शिकलो आहे, आता जर्मनीत गवंडी म्हणून जायचे आहे, तर आधी आयटीआय करावे, कौशल्य चाचणीचा दाखला घ्यावा, की एजंटामार्फत थेट नोकरी धरावी, असे तुम्ही विचारले आहे. मीही नागपूरचाच. येथे येऊन गवंडीकामाचे तीन वर्षांचे प्रशिक्षण पूर्ण केले आणि आता डॉर्टमुंडजवळच्या एका बांधकाम कंपनीत नोकरीला आहे. माझे मत स्पष्ट आहे: या तिन्ही वाटा सोडून तुम्ही प्रशिक्षणार्थी म्हणून या. हाताला काम येत असताना पुन्हा पहिल्या वर्षापासून सुरुवात करणे जिवावर येते, हे मला ठाऊक आहे. तरीही मी हेच का सांगतो, ते नीट समजून घ्या.

आयटीआयमधला गवंडीकामाचा अभ्यासक्रम एक वर्षाचा आहे. त्याचे राष्ट्रीय प्रमाणपत्र भारतात उपयोगाचे आहेच, पण परदेशी पात्रता आणि अनुभव यांच्या बळावर कामाचा व्हिसा देताना जर्मनीचा कायदा मायदेशात शासनमान्य असलेले किमान दोन वर्षांचे प्रशिक्षण मागतो. मार्च 2024 पासून नोकरी करता करता पात्रतेची मान्यता मिळवण्याची जी नवी सोय झाली आहे, तिलाही हीच दोन वर्षांची अट आहे. म्हणजे एक वर्षाचे आयटीआय या उंबरठ्याशीच अडकते. पूर्वीच्या कामाची चाचणी घेऊन दिला जाणारा कौशल्याचा दाखला तर काही दिवसांतच मिळतो, त्यामुळे त्याला येथे प्रशिक्षणाचा दर्जा मिळत नाही. वडिलांजवळ काढलेली वर्षे वाया गेली, असा याचा अर्थ मुळीच नाही. ती कशी कामी येतात ते पुढे सांगतो. पण कागदावर त्यांची किंमत होत नाही, आणि व्हिसा कागद पाहून मिळतो.

येथील प्रशिक्षणाला आउसबिल्डुंग म्हणतात. तुम्ही एखाद्या कंपनीशी प्रशिक्षणाचा करार करता, त्याची नोंद त्या भागातील हस्तव्यवसाय मंडळाकडे, म्हणजे हांडवेर्क्सकामरकडे होते, आणि मग तीन वर्षे साइट, व्यवसायशाळा व कंपनीबाहेरचे प्रशिक्षण केंद्र अशा तीन ठिकाणी शिक्षण चालते. या केंद्राचे महत्त्व आपल्याकडे कोणी सांगत नाही. तेथे भिंत बांधायची, शिक्षकाने ती पट्टी लावून तपासायची, मग तुम्हीच ती उतरवून विटा साफ करून रचायच्या आणि दुसरी भिंत सुरू करायची. ठेकेदाराची घाई नाही, वाया जाणाऱ्या मालाची चिंता नाही, अशा स्थितीत हात बसवण्याची संधी नागपुरात कोणाही मिस्त्रीला मिळत नाही. पहिल्या वर्षाचे बरेच आठवडे तेथे जातात. पहिले वर्ष कसे विभागलेले असते, यात राज्याराज्यांत फरक आहे. काही ठिकाणी ते जवळजवळ पूर्णच शाळेत जाते, म्हणून करार करण्यापूर्वी त्या वर्षात वेतन कोण आणि किती देणार हे विचारून घ्यावे.

दोन वर्षे झाल्यावर इमारत बांधकामातील कुशल कामगाराची पायरी गाठता येते आणि तिसऱ्या वर्षाअखेरीस माउरर, म्हणजे पूर्ण गवंडी म्हणून अंतिम परीक्षा देता येते. परीक्षेत प्रत्यक्ष कामही असते आणि लेखी भागही. नापास झाल्यास ती आणखी दोनदा देता येते आणि मागणी केल्यास प्रशिक्षणाचा करार पुढील परीक्षेपर्यंत, कमाल एक वर्ष वाढतो. केलेल्या कामाची नोंदवही, जिला बेरिश्ट्सहेफ्ट म्हणतात, नियमित लिहून कंपनीकडून सही करून घ्यावी लागते. ती अपुरी असेल तर परीक्षेला बसता येत नाही. आपली मुले नेमकी येथेच ढिली पडतात, म्हणून आठवड्याचे लिखाण त्या आठवड्यातच पूर्ण करण्याची सवय लावा.

आता कामाविषयी. तुमच्या हाताला थापी, ओळंबा, गुण्या आणि दोरी यांची सवय आहे आणि ती पहिल्या दिवसापासून दिसून येईल. पण येथील जुडाई, म्हणजे विटांची बांधणी, मापावर चालते, आणि ते माप आधी डोक्यात बसावे लागते. नेहमीची वीट 24 सेंटिमीटर लांब, 11.5 रुंद आणि 7.1 उंच असते. रुंदीत एक सेंटिमीटरचा सांधा मिळवला की 12.5 सेंटिमीटर होतात, म्हणजे मीटरचा आठवा भाग, आणि संपूर्ण इमारतीचा नकाशा याच एककावर बेतलेला असतो. दोन्ही टोके मोकळी असलेली आठ एककांची भिंत 99 सेंटिमीटर भरते, कारण शेवटचा सांधा नसतो. तेवढ्याच एककांचे दाराचे अंतर 101 भरते, कारण तेथे एक सांधा जास्त येतो. एका बाजूने दुसऱ्या भिंतीला टेकलेली भिंत बरोबर 100 भरते. उंचीतही तसेच: या विटेचे तीन थर सांध्यांसह 25 सेंटिमीटर होतात आणि 5.2 सेंटिमीटर उंचीच्या बारक्या विटेचे चार थरही 25 होतात. आपल्याकडे थर चढवत जाऊन शेवटी माल, म्हणजे सांध्यातले मिश्रण, जाड करून किंवा वीट तोडून उंची जुळवतात. येथे पहिली वीट ठेवण्यापूर्वी शेवटच्या थराची उंची ठरलेली असते.

बहुतेक नव्या घरांत मात्र लहान विटा क्वचितच लागतात. कोराडी आणि खापरखेड्याच्या वीज केंद्रांतील राखेपासून बनलेल्या फ्लाय ॲश विटा तुम्ही लावल्या असतील. येथे पोकळ मातीचे मोठे ठोकळे, चुना-वाळूचे ठोकळे आणि हलके सच्छिद्र काँक्रीटचे ठोकळे लागतात. घासून गुळगुळीत केलेला ठोकळा 24.9 सेंटिमीटर उंच असतो आणि त्याखाली मालाचा थर असतो जेमतेम एक मिलिमीटरचा. त्या मिलिमीटरात चूक झाकता येत नाही. म्हणून सर्वांत खालचा थर जाड मालात, लेझर आणि पाणसळ लावून अत्यंत सावकाश बसवतात. अर्धा दिवस त्यात गेला तरी कोणी घाई करत नाही, आणि मग वरचे थर भराभर चढतात. वरच्या थराचा ठोकळा खालच्या सांध्यावर उंचीच्या किमान चार दशांश इतका सरकलेला असावा लागतो, म्हणजे अशा ठोकळ्यात सुमारे दहा सेंटिमीटर. गवंड्याच्याच प्रशिक्षणात सेंट्रिंग, सळई बांधणे, काँक्रीट, गिलावा आणि उष्णतारोधक थर लावणेही येते. आपल्याकडे ही वेगवेगळ्या टोळ्यांची कामे आहेत. येथे एकाच माणसाला त्यांची समज असावी लागते.

हे सर्व जर्मन भाषेतून शिकायचे आहे, आणि माझ्या मते तुमची खरी परीक्षा हीच आहे. प्रशिक्षणाच्या व्हिसासाठी सर्वसाधारणपणे जर्मनची बी-1 ही मधली पातळी लागते, पण व्यवसायशाळेतील बांधकामशास्त्राचा पेपर समजण्यासाठी ती कमी पडते. त्यावरच्या बी-2 पातळीच्या दिशेने निम्मा रस्ता चालून आल्याशिवाय विमानात बसू नका. नागपुरात खासगी वर्ग आहेत; परीक्षा मात्र गोएथे इन्स्टिट्यूटच्या पुणे किंवा मुंबई केंद्रात द्यावी, कारण तिच्या प्रमाणपत्राविषयी कोणी शंका घेत नाही. भाषेसोबत नकाशा वाचणे, अपूर्णांक, क्षेत्रफळ, घनफळ आणि मालाचे प्रमाण काढणे यांची उजळणी करा. बारावी झालेल्या मुलाला यात अडचण येऊ नये.

कंपनी शोधण्यासाठी जर्मनीच्या रोजगार कार्यालयाचे संकेतस्थळ आणि हस्तव्यवसाय मंडळांच्या प्रशिक्षणजागांच्या याद्या सर्वांना खुल्या आहेत. प्रशिक्षण ऑगस्ट किंवा सप्टेंबरमध्ये सुरू होते, तेव्हा अर्ज सुमारे वर्षभर आधी पाठवावेत. अर्जात वडिलांबरोबर केलेल्या कामाची छायाचित्रे जोडा. केवळ तयार भिंत नको, दोरी लावलेला अर्धवट थर, कोपऱ्याचा गुण्या, दाराची बाजू असे टप्पे दिसू द्या. महाराष्ट्र इमारत व इतर बांधकाम कामगार मंडळाकडे नोंदणी करताना वर्षात 90 दिवस काम केल्याचे प्रमाणपत्र लागते. ते तुमच्याकडे असेल तर त्याचे भाषांतर करून जोडा. पात्रता म्हणून त्याला मान्यता नाही, पण हा मुलगा कामाला घाबरणारा नाही, हे कंपनीच्या मालकाला त्यातून कळते. वडिलांजवळची वर्षे उपयोगी पडतात ती येथे. पस्तिशीच्या आतील बारावी झालेल्यांना जागा शोधण्यासाठी नऊ महिन्यांपर्यंतचा वेगळा व्हिसाही आहे, परंतु त्यात तेवढ्या काळाचा खर्च आधीच दाखवावा लागतो. नागपुरात बसून व्हिडिओवर मुलाखत द्यावी आणि करार हातात घेऊनच निघावे, हे मला अधिक सुरक्षित वाटते.

प्रशिक्षणाला शुल्क नसते, उलट वेतन मिळते. कामगार संघटनांच्या करारानुसार चालणाऱ्या बांधकाम कंपन्यांत ते पहिल्या वर्षी महिना हजार युरोंहून अधिक आणि तिसऱ्या वर्षी दीड हजारांहून अधिक असते, कारण बांधकाम क्षेत्रातील सर्व कंपन्या मिळून एका निधीत वर्गणी भरतात आणि प्रशिक्षणाचा मोठा खर्च त्यातून परत मिळतो. आरोग्य, निवृत्ती आणि बेरोजगारी विम्याची कपात होऊन जे उरते त्यात एक माणूस काटकसरीने राहू शकतो. घरी नियमित पैसे पाठवणे पहिल्या वर्षी जमणार नाही, हे घरच्यांना आधीच सांगा. त्यामुळेच कर्ज काढून येऊ नये. 2024 मध्ये महाराष्ट्र शासनाने बाडेन-वुर्टेमबर्ग राज्याशी मनुष्यबळाचा करार केल्यापासून गावोगाव जर्मनीच्या नावाने पैसे मागणारे उभे राहिले आहेत. भारतात नोंदणीकृत भरती एजंटाला 30,000 रुपये आणि त्यावरील जीएसटी यापेक्षा जास्त सेवाशुल्क घेता येत नाही, आणि त्याची नोंदणी परराष्ट्र मंत्रालयाच्या ई-मायग्रेट संकेतस्थळावर तपासता येते. प्रशिक्षणाची जागा मिळवून देतो म्हणून जो लाखांत बोलतो, त्याच्याशी पुढे बोलूच नका.

हवामानाची भीती मनातून काढा, पण तयारी ठेवा. नागपूरच्या मे महिन्यात परांचीवर उभा राहिलेला माणूस येथील उन्हाळा सहज काढतो. थंडीत मात्र गोठणबिंदूखाली माल धरत नाही, म्हणून जुडाई थांबते. डिसेंबर ते मार्च या काळात काम बंद पडल्यास कामगारांना रोजगार कार्यालयाकडून भरपाईची व्यवस्था आहे.

परीक्षा उत्तीर्ण झाल्यावर कुशल कामगार म्हणून निवास परवाना मिळतो, आणि येथेच प्रशिक्षण घेतलेल्याला दोन वर्षे नोकरी व तेवढाच काळ निवृत्तिवेतनाचा भरणा झाला की, भाषेच्या आणि इतर अटी पूर्ण करून कायमच्या परवान्यासाठी अर्ज करता येतो. पुढे मुकादमी करता येते, मास्टरची, म्हणजे व्यवसायातील वरच्या पदवीची, परीक्षा देता येते. गवंडीकाम हा मास्टरची अट असलेला व्यवसाय आहे, त्यामुळे ती पदवी असेल तर स्वतःची कंपनीही काढता येते. थेट नोकरीच्या वाटेने येणाऱ्याला, प्रशिक्षण नसेल तर, हे दरवाजे सहजी उघडत नाहीत.

करारावर सही करण्यापूर्वी कंपनीला एवढे लेखी विचारा: वेतन सामूहिक करारानुसार आहे का, सुरुवातीचा पारखण्याचा काळ किती महिन्यांचा (कायद्याने तो एक ते चार महिन्यांचा असतो आणि त्यात दोन्ही बाजूंना तत्काळ करार मोडता येतो), राहण्याची सोय कोण पाहणार, व्यवसायशाळा किती दूर आहे, आणि पहाटे साइटवर पोहोचण्यासाठी गाडी कोठून मिळणार. प्रशिक्षणाला लागणारी अवजारे कंपनीने विनामूल्य द्यायची असतात. तुमची चूक नसताना करार तुटला तर दुसरी जागा शोधण्यासाठी सहा महिन्यांपर्यंत मुदत मिळते. तेव्हा घाबरून परतीचे तिकीट न काढता त्याच आठवड्यात हस्तव्यवसाय मंडळाच्या प्रशिक्षण सल्लागाराची भेट घ्या. कराराचा मसुदा हाती आला की मला पाठवा, मी ओळ न् ओळ वाचून कळवीन.