‘स्पाय किड्स’ आजच्या मुलांना आवडेल का? कुठल्या भागापासून सुरुवात करावी?

तुमची मुलगी आठ वर्षांची, मुलगा सहाचा, आणि दोघंही सुपरहिरोंच्या सिनेमांवर पोसलेले. त्यांना 2001 सालचा सिनेमा जुनाट वाटेल ही तुमची शंका. दिसायला तो जुनाट आहेच, काही दृश्यांत कॉम्प्युटरची करामत चक्क उघडी पडते. पण त्याचा त्रास आपल्याला होतो, पोरांना नाही. बिनधास्त पहिल्या भागापासून लावा. दीड तासाच्या आत संपतो.

कार्मेन आणि जूनी ही बहीणभावंडं. आईबाबा त्यांच्या लेखी अगदीच मिळमिळीत माणसं. खरं तर दोघं एकेकाळचे हेर, एकमेकांना संपवायच्या कामगिरीवर निघालेले आणि लग्न करून मोकळे झालेले. आई ही गोष्ट रात्री झोपवताना सांगते, ती स्वतःचीच आहे एवढं मात्र सांगत नाही. पुढे दोघं बऱ्याच वर्षांनी कामगिरीवर जातात आणि पकडले जातात. मग त्यांना सोडवायला कोण जाणार?

मला सिनेमा आवडतो तो इथे. जग वाचवणं वगैरे नंतर येतं, आधी आईबाबांना घरी आणायचं असतं. आणि ही पोरं काही चमत्कारी बुद्धीची नाहीत. जूनीच्या हातांवर चामखिळी आहेत, शाळेत त्याला छळतात, टीव्हीवरच्या फ्लूप नावाच्या माणसाच्या कार्यक्रमात तो रमतो. कार्मेन त्याच्यावर सतत खेकसते. जीव वाचवायला पळतानासुद्धा भांडण चालूच. हे पाहताना माझी लेक आणि भाचा एकमेकांकडे बोट दाखवत होते, त्यावरून काय ते समजा.

दिग्दर्शक रॉबर्ट रॉड्रिगेझ टेक्सासमधल्या सॅन अँटोनिओचा, दहा भावंडांच्या घरातला. 1992 मधला त्याचा पहिला सिनेमा साधारण 7,000 डॉलरमध्ये झाला होता. ‘स्पाय किड्स’ला साडेतीन कोटी डॉलर मिळाले, तरी लेखन, दिग्दर्शन, संकलन त्याचंच. खलनायकाचे शिपाई म्हणजे हात-पाय-डोकं सगळं अंगठ्यांचं केलेली माणसं. ते चित्र त्याने लहानपणीच काढलेलं होतं, आणि ते शिपाई दिसतातही तसेच, एखाद्या पोराने वहीच्या मागच्या पानावर गिरवल्यासारखे.

कार्मेन-जूनीचं कॉर्टेझ कुटुंब लॅटिनो, म्हणजे लॅटिन अमेरिकी मुळांचं आहे आणि सिनेमा त्याचा कुठेही गाजावाजा करत नाही. समुद्राकाठच्या गुप्त घराचं दार उघडायला कार्मेनला आपलं पूर्ण नाव घ्यावं लागतं: कार्मेन एलिझाबेथ हुआनिता कोस्टा-ब्रावा कॉर्टेझ. त्या काळी हॉलिवूडच्या मोठ्या साहसपटात असं घर मध्यभागी क्वचितच दिसायचं. 2024 मध्ये अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसने हा सिनेमा जतन करायच्या राष्ट्रीय यादीत घेतला, त्याचं मला तरी आश्चर्य वाटलं नाही.

सहा वर्षांच्या मुलासाठी एक सूचना. फ्लूपच्या कार्यक्रमात वेड्यावाकड्या चेहऱ्यांचे रंगीत प्राणी नाचतात. ते खरे पकडलेले हेर असतात आणि त्यांचं गाणं उलटं वाजवलं की मदतीची हाक ऐकू येते. हा भाग लहानग्यांना दचकवतो. शेजारी बसा.

पुढच्या भागांपैकी 2002 चा दुसरा छान आहे. बेटावरचे विचित्र प्राणी आहेत आणि स्टीव्ह बुशेमीने केलेला, स्वतःच्याच निर्मितीला घाबरून लपलेला शास्त्रज्ञ आहे. 2003 चा तिसरा लाल-निळ्या थ्रीडी चष्म्यासाठी बनवलेला. गोष्ट पातळ, डोकं जड. 2011 च्या चौथ्यात थिएटरमध्ये वासाची कार्डं देत होते, घरी त्याचा काय उपयोग? 2023 चा नेटफ्लिक्सवरचा पाचवा नव्या कुटुंबाचा आहे, तो नाही पाहिला तरी चालेल.

आणि हो, मुलांना हत्यारं बनवणारा काका मशेटी हमखास आवडतो. डॅनी ट्रेहो या नटाने तो केलाय. त्याच नटाचा, त्याच दिग्दर्शकाचा, त्याच नावाचा 2010 मधला सिनेमा निव्वळ मोठ्यांसाठी आहे, रक्ताचे पाट वाहतात त्यात. पोरं म्हणतील, “काकाचा सिनेमा लाव ना!” रिमोट तुमच्याच हातात ठेवा.