वर्गाची पालक प्रतिनिधी झालेय, मुलांना वह्या-गृहपाठ स्वतःचा स्वतः सांभाळायला कसं शिकवता येईल?

ताई, आधी अभिनंदन. तुम्ही लिहिलंय की चौथीच्या वर्गातून चिठ्ठीत तुमचं नाव निघालं आणि तेव्हापासून रोज रात्री ग्रुपवर "उद्या काय आणायचंय?", "गणिताच्या पानाचा फोटो टाका ना कोणीतरी" ह्यालाच उत्तरं देत बसावं लागतंय, आणि एवढं करूनही मुलं वही घरी विसरतातच. मुलगी तिसरीत असताना मी पण वर्ग प्रतिनिधी होतो, नाशिकला, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

माझं मत स्पष्ट आहे, ग्रुपवर गृहपाठ टाकणं बंद करा. एका दिवसात नाही होणार, पण बंदच करायचं. पोरांना पक्कं माहीत असतं की मम्मीच्या मोबाईलवर सगळं येणारच आहे, मग फळ्यावरचं कशाला उतरवून घ्यायचं? आणि ज्या घरात एकच स्मार्टफोन आहे आणि तो वडिलांच्या खिशात रात्री दहाला घरी येतो, त्या मुलापर्यंत तो फोटो पोचतच नाही, सकाळी ओरडा मात्र तेच खातं. मला ह्याचा खरंच त्रास व्हायचा.

त्याऐवजी वर्गशिक्षिकांकडून शेवटच्या तासाची शेवटची पाच मिनिटं मागून घ्या, फक्त डायरीसाठी. आमच्या बाई आधी म्हणाल्या पोर्शन मागे पडतो, ते काही खोटं नव्हतं, मग आम्ही पालकांनी वह्यांना कव्हर-लेबल लावणं आणि स्नेहसंमेलनाच्या कपड्यांची यादी ही कामं अंगावर घेतली तेव्हा त्या तयार झाल्या. पद्धत एकदम साधी. फळ्याच्या कोपऱ्यात बाई लिहितात, मुलं डायरीत उतरवतात, मग बाकावरच्या जोडीदाराशी डायरी बदलून बघतात आणि काही राहिलं असेल तर तो दाखवतो. सही-बिही काही नाही. लिहायला ज्यांना वेळ लागतो त्यांच्यासाठी खुणा ठरवल्या, "प.अ. 34" म्हणजे परिसर अभ्यास पान 34, बास. सुरवातीला ग्रुपवर पालक चिडले, पण कोणी विचारलं की आम्ही सगळे एकच उत्तर द्यायचो, डायरी बघायला सांगा, नसेल लिहिलं तर त्याने स्वतः मित्राला फोन करावा. फोन मुलानेच करायचा, आईने नाही, हे महत्त्वाचं.

दुसरं म्हणजे दप्तर. एका शनिवारी बाईंच्या परवानगीने वर्गात वजनकाटा न्या आणि आधी मूल, मग त्याचं दप्तर मोजा. महाराष्ट्रात 2015 पासून शासन निर्णय आहे की दप्तर मुलाच्या वजनाच्या 10 टक्क्यांच्या वर नको, 2020 च्या केंद्राच्या धोरणातही तेच आहे, म्हणजे 25 किलोच्या मुलाला अडीच किलो. त्यात भरलेली एक लिटरची बाटलीच किलोभर होते. आमच्याकडे दप्तरं उघडली तर तळाला चुरगळलेल्या वर्कशीट, संपलेल्या वह्या, जुनी रंगपेटी आणि पूर्ण आठवड्याची पुस्तकं, कारण वेळापत्रक बघून भरण्यापेक्षा सगळंच घेऊन जाणं सोपं. एका मुलाने स्वतःच हरवलेली सहामाहीची वही त्याच दप्तरात शोधून काढली! त्यानंतर नियम एवढाच केला, वेळापत्रक दप्तराच्या झाकणाला आतून चिकटवायचं आणि जेवण झाल्यावर दप्तर मुलाने भरायचं, आईवडिलांनी शेजारी बसायचं पण हात लावायचा नाही.

आता पालक मदतीला कसे आणायचे ते. "कोण कोण येणार?" असं ग्रुपवर टाकलं की सगळे अंगठा दाखवतात आणि येत कोणीच नाही. एकेकाला फोन करा, काम छोटं सांगा आणि कधी संपणार तेही सांगा. "शुक्रवारी शाळा सुटताना हरवले-सापडलेचा खोका मुलांसमोर रिकामा करायचा, पंधरा मिनिटं" असं सांगितलं की माणूस हो म्हणतो. आजोबांना विसरू नका, आमच्याकडे वह्यांवर वळणदार अक्षरात नावं एका आजोबांनीच घातली होती. आणि वडिलांनाही फोन करा, नाहीतर सगळं आयांवरच येतं.

पूर्ण वर्ग एकट्याने ओढू नका, राहत्या भागाप्रमाणे गट पाडा. जिल्हा परिषदेच्या शाळांमध्ये 2022 च्या शाळापूर्व तयारी अभियानात असेच माता गट केले होते, आजूबाजूच्या थोड्या आया आणि त्यातली एक लीडर माता. मला ती रचना फार आवडते कारण लीडर माता शेजारचीच असते, तिला विचारायला कोणाला संकोच वाटत नाही.

एक लक्षात घ्या, खासगी शाळेत पालक-शिक्षक संघाच्या कार्यकारी समितीचा बराच वेळ फीच्या विषयात जातो, 2011 च्या शुल्क कायद्याने ती जबाबदारीच त्यांच्यावर टाकलीय, त्यामुळे तिथे डायरी-दप्तराचा विषय शेवटी येतो आणि चहा येईपर्यंत संपतो. वर्गाच्या पालकांना वेगळं भेटा. शाळा झेडपीची किंवा मनपाची असेल तर शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालकच असतात आणि अध्यक्षही पालकांतलाच, तिथे विषय थेट मांडता येतो.

सुरवात डायरीपासून करा, दप्तराचं सहामाहीनंतर घेतलं तरी चालेल. दोन्ही एकदम काढलंत तर बाईंवरही ताण येईल. आणि बाईंना भेटायला जाताना अजून एकदोन पालक सोबत न्या, पण पाच-सहा नको, मोर्चा आल्यासारखं वाटतं त्यांना.