मला कोण विचारलंच नाही की

"मॅडम, आण्णांना हॉस्पिटलवाले रिसर्चमध्ये घ्यायचं म्हणायलेत. वय ७४. प्रयोगाला माणूस मिळेना म्हणून म्हाताऱ्याला गाठलं की काय? हो म्हणावं का नको?"

रिसर्चचे कागद पेशंटला आणि घरच्यांना समजावून सांगणं हे माझं काम, म्हणून असा फोन मला महिन्याकाठी एखादा तरी येतो. कधी निपाणीकडून, कधी खानापूरच्या बाजूच्या खेड्यातून. बोलणारा मुलगा असतो, मुलगी असते, नाहीतर सून. ज्याला रिसर्चमध्ये घ्यायचं आहे तो माणूस फोनवर कधीच नसतो. हे माझ्या ध्यानात यायला बरीच वर्षं गेली, आणि आलं तेही आण्णांमुळे. त्यांना विचारूनच हे लिहिते आहे. ओळख पटेल असे तपशील बदललेत.

आण्णा बेळगावातल्या वडगावचे. आयुष्य मागावर गेलं. घरात दोन यंत्रमाग होते, एक विकला, दुसरा आता थोरल्या मुलाकडे. फोन केला तो धाकटा, पुण्यात कंपनीत. रात्रीच्या बसने आला आणि सकाळीच वडिलांना आणि वहिनीला घेऊन माझ्या टिळकवाडीतल्या खोलीत हजर. टेबलावर फाईल ठेवली, शेजारी गोळ्यांची कॅरीबॅग. खोलीत खुर्च्या तीन. तिसरीवर मी. आण्णा आपणहून दाराजवळच्या पाण्याच्या फिल्टरशेजारी स्टुलावर बसले. मीही "इकडे या" म्हटलं नाही.

मुलगा पाऊण तास बोलत होता. मोबाईलवर काय काय वाचून आला होता. गरीब पेशंटवर औषधं वापरून बघतात, माणसं दगावतात, पत्ता लागत नाही. त्याची भीती हवेतली नव्हती. आपल्या देशात अशा चाचण्यांवरून सर्वोच्च न्यायालयापर्यंत प्रकरण गेलं, २०१३ मध्ये नियम आवळले गेले, आणि २०१९ मध्ये नवीन औषधे आणि क्लिनिकल चाचण्यांचे नियम आले. "प्रयोग नाही हो, उपचारच आहे," असं म्हणून घरच्यांची समजूत काढणारे लोक मला पटत नाहीत. प्रयोगच असतो तो. उत्तर आधीच ठाऊक असतं तर रिसर्च कशाला केला असता? प्रश्न एवढाच की तो कुठल्या बंधनात चाललाय आणि ज्याच्यावर चाललाय त्याला तो कळलाय का.

मी हे सगळं मुलाला समजावत होते. सून मान हलवत होती. आणि फिल्टरकडून आवाज आला,

"मला कोण विचारलंच नाही की."

एवढंच. रागाने नाही. मागावरचा धागा तुटल्यावर माणूस सांगतो तसं.

मला लाज वाटली. वीस वर्षं हेच काम करते, दुसऱ्यांना सांगत फिरते की पेशंटशी बोला, आणि इथे पाऊण तास मी त्या माणसाबद्दल बोलत होते, त्याच्यासमोर, तो नसल्यासारखं. उठले, माझी खुर्ची त्यांना दिली आणि मी स्टूल घेतलं. मुलाला म्हटलं, तुम्ही आणि वहिनी जरा चहा पिऊन या. मुलगा घुटमळला. "त्यांना समजत नाही हो मॅडम सगळं." वहिनी मात्र चटकन उठली. "मामांना समजतंय की," म्हणाली आणि दिराला घेऊन बाहेर पडली.

मग कागद बघितला. पानं चौदा. अर्धी इंग्रजीत, अर्धी कन्नडमध्ये.

"कन्नड येतंय न्हवं आण्णा?"

"बोलायला येतंय. सुताच्या व्यापाऱ्याशी जल्म गेला कन्नडात. वाचायला बसचा बोर्ड तेवढा."

शाळा मराठी चौथीपर्यंत. सीमेवरच्या माणसाची ही जुनी गत. तोंडाला दोन भाषा, डोळ्याला एक. फॉर्म देणाऱ्या मुलीने आण्णांना फर्डं कन्नड बोलताना ऐकलं आणि कन्नड प्रत हातात ठेवली. तिचं काही चुकलं असं मी म्हणणार नाही. पण नियम सांगतो की माहितीपत्रक सहभागी माणसाला समजेल अशा भाषेत हवं, आणि वाचता येत नसेल तर अभ्यास करणाऱ्यांशी संबंध नसलेला एक साक्षीदार सगळं वाचून दाखवताना, सही होताना हजर हवा. मी तिथूनच अभ्यासाच्या टीमला फोन लावला. मराठी प्रत आहे का? नव्हती. करून देतो म्हणाले, आणि केली, पण भाषांतरालाही एथिक्स कमिटीची, म्हणजे रिसर्चमधल्या माणसांच्या हक्कांवर लक्ष ठेवणाऱ्या समितीची, मंजुरी लागते म्हणून अकरा दिवस गेले.

तोवर तोंडी. अभ्यास असा होता: ७० च्या वरची माणसं, बीपीच्या दोन किंवा जास्त गोळ्या चालू, आणि गेल्या वर्षभरात निदान एकदा पडलेली. निम्म्या लोकांची एक गोळी डॉक्टरांच्या देखरेखीखाली कमी करायची, निम्म्यांच्या आहेत तशा ठेवायच्या, आणि दोन्ही गटांवर वर्षभर लक्ष ठेवायचं.

आण्णा दोनदा पडले होते. एकदा न्हाणीत, एकदा रिक्षातून उतरताना. घरच्यांनी कारण ठरवूनच टाकलं होतं: वय झालंय. या दोन शब्दांचा मला मनापासून कंटाळा आहे. म्हातारपणी लघवीच्या जागी जंतुसंसर्ग झाला तरी ताप न येता माणूस नुसता बरळायला लागतो, हार्ट अटॅक छातीत कळ न येताही येतो, आणि घरात सगळ्याला नाव एकच, वय. आण्णांची केस त्यापेक्षा साधी होती. नर्सने त्यांना पाच मिनिटं आडवं ठेवून बीपी घेतलं, १४६. मग उभं करून घेतलं, ११८. वरचा आकडा उभं राहिल्यावर तीन मिनिटांच्या आत २० किंवा जास्त उतरला, की डॉक्टर त्याला उठतानाचं बीपी पडणं म्हणतात. तरण्या माणसाच्या शिरा उठता क्षणी आवळतात, हृदय वेग धरतं. वयाबरोबर ती चपळाई कमी होते, त्यात वरून बीपीच्या तीन गोळ्या. डोळ्यापुढं अंधारी येणार नाहीतर काय होणार?

"मग एक गोळी बंद करून टाकायची, त्यात रिसर्च कशाला?" हा मुलाचा नंतरचा प्रश्न. चांगला प्रश्न. कारण उलट बाजूलाही भीती आहे, आणि ती त्यानेच बोलून दाखवली होती: गोळी कमी केली आणि लकवा मारला तर?

इथे थोडा इतिहास सांगावाच लागतो. ऐंशी ओलांडलेल्या माणसाचं बीपी औषधाने उतरवावं की नको, यावर कितीतरी वर्षं डॉक्टरांचं एकमत नव्हतं, कारण औषधांच्या चाचण्यांत एवढ्या वयाची माणसं जवळजवळ घेतच नसत. वयाची अट, किडनी कमजोर, मधुमेह आहे, चार गोळ्या आधीच चालू आहेत: नकोच. पन्नाशीतल्या धडधाकट माणसावर तपासलेलं औषध मग ऐंशीच्या आजीला द्यायचं, जिची किडनी ते सावकाश बाहेर टाकते. २००८ मध्ये हायव्हेट नावाच्या अभ्यासाचा निकाल आला. ८० वर्षांवरची ३,८४५ माणसं. औषध घेणाऱ्या गटात मृत्यू इतके कमी दिसले की अभ्यास मुदतीआधी थांबवावा लागला. आज आपल्या घरातल्या ऐंशीच्या माणसाला डॉक्टर बीपीची गोळी निर्धास्तपणे लिहून देतात ते त्या म्हाताऱ्यांच्या जिवावर. पण त्यातली माणसं तशी बऱ्यापैकी धड होती, आणि उभं राहिल्यावर वरचं बीपी १४० च्या खाली जाणाऱ्यांना तर त्यात प्रवेशच नव्हता. म्हणजे उठलं की घेरी येऊन पडणारे, आण्णांसारखे, त्यात फारसे नव्हतेच. त्यांच्यासाठीचं उत्तर त्यांच्यासारख्यांनाच विचारून मिळणार.

कॅरीबॅगेतल्या गोळ्या आम्ही टेबलावर मांडल्या. नऊ प्रकार. त्यातली एक कुठल्याच चिठ्ठीवर नव्हती. रक्त पातळ करायची ॲस्पिरिन. "ही कोण दिलं?" "शेजारचा घेतोय. मेडिकलात मिळतीय." शेजाऱ्याला स्टेंट बसवलेला, आण्णांच्या हृदयाला काही झालेलं नाही. यावरही म्हाताऱ्या माणसांनीच उत्तर देऊन ठेवलंय. ॲस्प्री नावाचा अभ्यास, २०१८ चा, ऑस्ट्रेलिया आणि अमेरिकेतली १९,११४ माणसं, बहुतेक सगळी सत्तरीपुढची, हृदयविकार नसलेली. रोज छोटी ॲस्पिरिन घेऊन त्यांची धडधाकट वर्षं वाढली नाहीत, रक्तस्राव मात्र वाढले. ज्यांना अटॅक येऊन गेलाय किंवा स्टेंट आहे त्यांचा हिशेब वेगळा. त्यांनी हे वाचून गोळी सोडली तर मला पाप लागेल. आण्णांनाही मी बंद करा म्हटलं नाही, ते माझं काम नव्हे. पाकीट डॉक्टरांना दाखवा म्हटलं. त्यांनी दाखवलं, आणि ती गेली.

मराठी फॉर्म आला तेव्हा आम्ही पुन्हा बसलो. भाषांतर करणारा जो कोण होता तो पुस्तकी मराठीचा भोक्ता असणार. पहिल्याच पानावर आण्णा अडले.

"यादृच्छिक म्हणजे कोण?"

मी हसले, तेही हसले. म्हटलं, "भिशी माहिती आहे न्हवं? चिठ्ठी उचलल्यावर ज्याचं नाव येतंय त्याला पैसे. तसंच. तुमची गोळी कमी होणार का नाही, हे डॉक्टर ठरवणार नाहीत, तुम्ही नाही, तुमचा मुलगा नाही. चिठ्ठी ठरवणार. फरक एवढाच की कॉम्प्युटर काढतोय."

"म्हणजे ओळखीवर न्हाई."

"ओळखीवर नाही."

हे त्यांना फार आवडलं.

फॉर्ममध्ये मी काय काय बघते हे बरेच जण विचारतात. एथिक्स कमिटीच्या माणसाचा फोन नंबर आहे का. ही कमिटी निदान सात जणांची असते, त्यात एक सामान्य माणूस, एक कायद्याचा जाणकार, एक बाई, आणि निम्मे तरी त्या संस्थेबाहेरचे हवेत. सीटीआरआय नंबर आहे का. चाचण्यांची ही आपली सरकारी नोंदवही २००७ मध्ये सुरू झाली, औषधांच्या चाचण्यांना तिथली नोंद १५ जून २००९ पासून सक्तीची आहे, आणि नंबर टाकून घरबसल्या कोणीही बघू शकतो. अभ्यासामुळे इजा झाली तर उपचार फुकट आणि भरपाई कशी, हे लिहिलंय का. अभ्यासाच्या औषधाचे, तपासण्यांचे पैसे मागितलेत का. मागितले असतील तर मी तिथेच फाईल बंद करते. आणि मधूनच सोडता येतं का, सोडल्यावर नेहमीचे उपचार तसेच चालू राहतात का. सहीची एक प्रत आपल्याकडे राहिली पाहिजे. याला लोक फार हलक्यात घेतात.

मुलाची लकव्याची शंका मी माझ्या पदराने झाकली नाही. त्याला डॉक्टरांसमोर बसवलं. गोळी कमी केल्यावर बीपी किती दिवसांनी बघणार, कितीच्या वर गेलं तर गोळी परत सुरू, रात्री-बेरात्री फोन कुणाला करायचा, हे त्याने लिहून घेतलं. धोका शून्य आहे असं डॉक्टर म्हणाले नाहीत. तेव्हा कुठे मुलाचा त्यांच्यावर विश्वास बसला.

एक गोष्ट राहिली. समजतंय का, हा मुलाचा पहिला संशय. विसराळूपणा वाढलेल्या माणसाच्या बाबतीत तो खराही असतो. तेव्हा कायद्याने जवळचा माणूस संमती देतो, तरी पेशंटला त्याच्या परीने विचारायचंच असतं. आण्णांना मी म्हटलं, आता तुम्ही मला सांगा काय चाललंय ते. म्हणाले, "तीन गोळ्या हाईत. एक कमी करतील, न्हाईतर न्हाई, भिशीसारखं. वरीसभर बोलवतील. सुई टोचतील दोनदा. मला नको वाटलं की मी येणार न्हाई, आणि कोण रागवायचं न्हाई." कॉलेज शिकलेल्या नातेवाइकांनीही मला याहून नीट सांगितलेलं आठवत नाही.

"पण हे का करायचं तुम्हाला?"

न्हाणीत पडले त्या दिवसापासून थोरला मुलगा दाराबाहेर उभा राहतो म्हणाले. "कडी लावून न्हायला मिळंना, ताई."

सही त्यांनी मराठीत केली, पूर्ण नाव, बापाच्या नावासकट, बराच वेळ घेऊन. संमती घेतली डॉक्टरांनी. मी शेजारी बसून होते इतकंच. चिठ्ठी निघाली ती गोळ्या आहेत तशा ठेवण्याच्या गटाची. मुलाने सुटकेचा श्वास सोडला, आण्णा मात्र हिरमुसले. "माझी भिशी लागली न्हाई." सोडणार का विचारलं तर नाही म्हणाले. दोन्हीकडची माणसं लागतात हे त्यांना भिशीवरून आधीच कळलं होतं: सगळ्यांनी पैसे भरले तरच एकाला मिळतात. डॉक्टरांनी त्यांना पलंगाच्या कडेला दोन मिनिटं बसून मग उठायला शिकवलं, न्हाणीत दांडी बसवून घेतली. आतापर्यंत परत पडलेले नाहीत. कडी लावायला मिळते का, ते मी विचारलेलं नाही.

परवा ते आणखी एकाला घेऊन आले, गल्लीतलाच, जुना मागवाला, ८० च्या घरातला. सोबत त्याचा मुलगा. कागद हातात होता, पण बघितला तर रिसर्चचा नव्हताच. कुठल्याशा तपासणी शिबिराचं पॅकेज, पैसे भरून. ते मी अजून उलगडून बघायच्या आतच आण्णांनी विचारलं, "कमिटीचा फोन कुठाय ह्यात?" तोवर त्यांनी मित्राला माझ्यासमोरच्या खुर्चीत बसवलं होतं आणि त्याच्या मुलाला स्टूल दाखवलं होतं, फिल्टरशेजारचं.